शब्दाच्या मधला श्वास

माझी आत्या गाणं शिकवते, पण विद्यार्थ्यांसमोर कधी गात नाही. हा तिचा नियम आहे आणि तो तिने गेल्या महिन्यापर्यंत कुणासाठीही मोडला नव्हता.

नवीन कुणी शिकायला आलं की ती त्याला आधी स्वयंपाकघरात नेते. तिथल्या भिंतींना छतापर्यंत फरशा आहेत, त्यामुळे आवाज जसा जातो तसाच परत येतो, कुणाची भीडभाड न ठेवता. चहाचं आधण ठेवता ठेवता ती विचारते, "शेवटचं भांडण कुणाशी झालं?"

"बाई, मी गाणं शिकायला आलोय."

"ते कळलं. भांडण कुणाशी?"

माणूस आधी कसनुसं हसतो. मग शेजारी निघतो, मेहुणी निघते, बँकेतला कारकून निघतो. बोलता बोलता आवाज चढतो, आणि जिथे तो अगदी मोकळा होतो तिथे आत्या पेटीची एक पट्टी दाबते. "हा तुझा सा. बाकी सगळे उसने आणलेले." एक निवृत्त इंजिनियर तासभर आपल्या धाकट्या भावाशी भांडले, घाम पुसला, बाईंचे आभार मानले आणि पुन्हा फिरकलेच नाहीत. "त्यांचं काम झालं," आतोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. आतोबांचं म्हणणं, आत्या गाणं शिकवत नाही, लोकांची धुणी धुते.

आत्या वाढली आजोबांच्या छापखान्याच्या माळ्यावर. खाली यंत्राचा धडधडाट, वर ही त्या ठेक्यात गाणारी. एकदा कागद अडकून यंत्र बंद पडलं आणि ही गातच राहिली. तेव्हा कुठे आजोबांना कळलं, की लेकीला गळा आहे. पुढे कुणाच्या तरी ओळखीने ती रेकॉर्डिंगला जाऊ लागली. कोरसमध्ये, तिसऱ्या रांगेत. आयुष्यातली उमेदीची सगळी वर्षं तिने तिथे उभं राहून काढली.

कोरसमध्ये गाणं म्हणजे आपला आवाज कुणाला वेगळा ऐकू येऊ द्यायचा नाही. लांबलचक ओळ असली की सगळ्यांनी एकदम श्वास घेऊन चालत नाही, गाण्याला भोक पडतं. म्हणून प्रत्येकीने आपला श्वास शब्दाच्या मध्येच चोरून घ्यायचा, शेजारणी गात असताना. एक गप्प झाली तरी बाकीच्या धरून असतात. आत्याला ही चोरी फार सुरेख जमायची. तिच्या शेजारची उंच बाई तिला कोपराने ढोसायची, "घे तू, मी आहे."

एकदा मुख्य गायिका आजारी पडली आणि आत्याला एकटीला माइकसमोर उभं केलं. पहिल्याच ओळीत, शब्दाच्या मध्ये, तिने सवयीने श्वास घेतला. शेजारी कुणी नव्हतं. शब्दाला भोक पडलं. पुन्हा गायली, पुन्हा भोक. संगीतकार भला माणूस होता. त्याने हळूच विचारलं, "अहो, इथे भरणार कोण?" ते गाणं दुसऱ्याच कुणीतरी गायलं आणि आत्या आपल्या रांगेत परत गेली. शिकवायला लागली तेव्हा तिने ठरवलं, आपली खोड आपल्यापाशी. विद्यार्थी गळ्याची नक्कल करतात, मग गळा दाखवायचाच कशाला?

तिची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी म्हणजे चष्मेवाली. मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते, स्वतःची नजर घारीसारखी. गेल्या महिन्यात एका नाटक मंडळीला नवीन नाटकासाठी गाणारी मुलगी हवी होती. वाद्यांशिवाय, रंगमंचावर एकटीने गायचं. चष्मेवालीने तिथे नाव दिलं आणि निवडीसाठीचं गाणं बाईंना ऐकवायला आली. ओळ होती, "आभाळभर पाखरं, त्यातलं एकही माझं नाही."

"आभा," ती गायली, आणि इवलासा श्वास घेऊन, "ळभर."

आत्याने गॅस बंद केला. "परत."

परत तेच.

"हे कुठून आणलंस?"

"काय, बाई?"

"आभाळ मधेच फाडलंस ते."

मुलगी लालबुंद झाली. मग हळूहळू बाहेर आलं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ती आमच्या जिन्यात येऊन बसायची आणि बंद दाराआडचा बाईंचा रियाज ऐकायची. "इतकं छान वाटतं ना ते! शब्द जरासा अडखळतो आणि पुढे जातो. मला वाटलं, ती तुमची खासियत."

"मी सांगत होतो, दाराला फट आहे," आतोबा म्हणाले.

"तुम्ही थंडी लागते म्हणून सांगत होतात."

"कशासाठी का असेना, सांगत होतो ना?"

त्या संध्याकाळी आत्याने सगळे उपाय केले. कमरेवर हात ठेवून श्वास मोजायला लावला, ओळ बोलून घेतली, चालत चालत गायला लावली. मुलगी लक्ष देऊन गायची तेव्हा शब्द अखंड यायचा. रंगून गायला लागली की फाटायचा. शेवटी ती ओट्याला टेकून रडायलाच लागली. "नाही जमलं तर मी काय जन्मभर लोकांना विचारत बसू, आता स्पष्ट दिसतंय का म्हणून?"

आत्याने कप विसळून पालथा घातला. मग म्हणाली, "उद्या जिन्यात बसायचं नाही. आत यायचं."

दुसऱ्या दिवशी आत्या विद्यार्थिनीसमोर गायली. मुलीच्या हातात चमचा, पुढ्यात पातेलं. बाईंनी शब्द तोडला की वाजवायचं. ती पहिली सकाळ म्हणजे भांड्यांचं दुकान होतं.

"इतक्या वेळा नाही घेतला मी श्वास!" आत्या भडकली.

"घेतलात, बाई."

"घेतलास," आतोबा म्हणाले.

"तुम्ही आधी कानातला कापूस काढा आणि मग बोला."

"कापसातून ऐकू आला."

मग चमचा आत्याच्या हातात आणि गाणं मुलीकडे. दोघींना एकमेकींची चोरी लगेच कळायची, स्वतःची मात्र कळायची नाही. पण आठवडाभरात पातेलं शांत होत गेलं. एका सकाळी आत्या "आभाळभर" अखंड गायली आणि पुढची ओळ न म्हणता दूध बघायला उठली. दूध गॅसवर नव्हतंच.

निवड एका शाळेच्या सभागृहात होती. मी आणि आत्या शेवटच्या रांगेत बसलो. चष्मेवाली पुढे आली आणि ओळीच्या आधी तिने असा काही श्वास घेतला, की एका परीक्षकाने दचकून पंख्याकडे पाहिलं. मग ती गायली. आत्याने माझं मनगट इतकं आवळलं होतं, की बोटांचे वळ नंतर कितीतरी वेळ राहिले. आभाळ आलं, पाखरं आली, ओळ शेवटपर्यंत गेली. कुठेही शिवण दिसली नाही.

"गळा छान आहे," परीक्षक बाई म्हणाल्या. "पण श्वास केवढ्यांदा घेतेस! पार मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येतो."

"येऊ दे की ऐकू!" कुणी विचारलं नसताना आत्या मागून ओरडली. "एकटी आहे ती."

सगळे वळून बघायला लागले. मी खुर्चीत जमेल तितकी खाली सरकले. परीक्षक आपसात काहीतरी कुजबुजले, मग त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "श्वास जरा मऊ करून आण. सोमवारपासून तालमी. शिकलीस कुणाकडे?"

"त्यांच्याकडे," चष्मेवालीने आमच्याकडे बोट केलं. "म्हणजे, त्याही शिकतायत माझ्याकडे."

सभागृहात हशा पिकला. "आगाऊ कार्टी," आत्या पुटपुटली. मग पिशवी उचलून उभी राहिली आणि मला म्हणाली, "सोमवारपासून तालमी म्हणजे आता आमच्या दोघींच्या रियाजाची वेळ बदलायला हवी."