लोआरकाठी सासूबाईंच्या मागे

आमच्या फ्रान्सच्या सायकल ट्रिपला अकरा दिवस उरले होते आणि नवरा इंग्लंडमध्ये, आमच्या ब्रॅकनेल गावातल्या एका राउंडअबाउटवर पडला. कुणाची चूक नव्हती. पाऊस पडून गेला होता, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओला होता, त्यावरून चाक सटकलं. संध्याकाळी तो हॉस्पिटलमधून हात गळ्यात अडकवून घरी आला. कॉलरबोन मोडली होती. पुढचे सहा आठवडे सायकलचं नावही काढायचं नव्हतं.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. लोआर नदीच्या काठाने, द्राक्षमळ्यांतून सहा दिवस सायकल चालवायची हे स्वप्न आम्ही दोन वर्षं पाहत होतो. फेरीबोट बुक होती, राहायच्या जागा बुक होत्या. जेवताना मी म्हटलं, "जाऊ दे, कॅन्सल करू."

"कॅन्सल कशाला? मी येते की," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. वय एकसष्ट. नंतर त्यांना पॅरिस दाखवायचं ठरलं होतं, म्हणून शेंगेन व्हिसा मुंबईहूनच घेऊन आल्या होत्या.

"आई, ती काही बसची ट्रिप नाहीये," नवरा म्हणाला. "रोज चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल."

"मग? मी काय विमान चालवत होते का? अठ्ठावीस वर्षं टेलिफोन ऑफिसला सायकलनेच गेले. तुला पुढच्या दांडीवर बसवून शाळेत कोण सोडायचं?"

"आणि माझं काय? माझा हात..."

"हात मोडलाय, तोंड शाबूत आहे. फ्रीजमध्ये आठ डबे करून ठेवते. गरम कर आणि खा."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी वरणात पाहिलं. खरं सांगायचं तर माझी अडचण वेगळी होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सासूबाईंबरोबर एकटीने मी कधी एक अख्खी दुपारही काढली नव्हती. आमच्यात भांडण नव्हतं, पण मैत्रीही नव्हती. त्यांना चहात साखर किती लागते, मला कुठल्या भाज्या आवडत नाहीत, इतपत ओळख. आता सहा दिवस एका खोलीत राहायचं आणि दिवसभर एकमेकींच्या मागेपुढे सायकल चालवायची!

शेजारच्या इंग्लिश आजींनी त्यांची गॅरेजमध्ये पडून असलेली सायकल काढून दिली. सात गिअर, पुढे वेताची टोपली. दुसऱ्याच दिवशी सासूबाई पंजाबी ड्रेस, बूट आणि माझं जुनं हेल्मेट घालून आमच्या गल्लीत उतरल्या. दहा वर्षांत त्यांनी सायकलला हात लावला नव्हता. पहिले वीस फूट त्या इतक्या नागमोडी गेल्या की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशाही झाल्या होत्या.

ब्रॅकनेलमध्ये पावलोपावली राउंडअबाउट. मी प्रत्येकापाशी उतरून सायकल ढकलत न्यायचे. सासूबाई मात्र डावा हात ट्रॅफिक हवालदारासारखा वर करायच्या आणि सरळ घुसायच्या. गाड्या थांबायच्या. आतले लोक सॉरीसुद्धा म्हणायचे. वीकेंडला आम्ही थेम्सच्या काठाने विंडसरपासून मेडनहेडपर्यंत जाऊन आलो. त्या वाटेत एकदाही थांबल्या नाहीत. मी दोनदा थांबले.

आम्ही सकाळी पोर्ट्समथला फेरीबोटीत बसलो, दोन्ही सायकली खाली ट्रकांच्या रांगेत दोरांनी बांधून ठेवल्या. पलीकडे उतरून ट्रेनने तूर शहर गाठलं. सप्टेंबर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चढ लागला तो वूव्हरेच्या मळ्यांचा. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या वेली, कमरेइतक्या उंच, रांगा एकदम आखून काढल्यासारख्या. सासूबाई लालबुंद झाल्या होत्या, पण उतरायला तयार नव्हत्या.

"आई, गिअर बदला ना!"

"कशाला? पाय आहेत ना!"

अर्ध्या चढावर सायकल जागच्या जागी थांबायला आली तेव्हा त्यांनी हँडलवरचा खटका एकदा, दोनदा, तीनदा ओढला. पाय एकदम भिंगरीसारखे फिरायला लागले. त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी अठ्ठावीस वर्षं एक गुपित त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. "अगं ए!" त्या ओरडल्या. "हे आधी का नाही सांगितलंस?"

वर पांढऱ्या खडकात कोरलेली एक वाइनची गुहा होती. मालकीण सासूबाईंच्याच वयाची, हातावर मातीचे डाग, कमरेला एप्रन. तिने चार छोटे ग्लास मांडले आणि शेजारी एक बादली ठेवली. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा, हे तिने करून दाखवलं.

सासूबाईंनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. मी म्हटलं, "आई, तुम्ही नाही घेतलं तरी चालेल."

"घेईन की. पण थुंकणार नाही. या बाईने वर्षभर राबून केलंय आणि तिच्या तोंडासमोर थुंकायचं?"

चारही ग्लास त्यांनी औषधासारखे एकेका दमात संपवले. मालकीण उत्सुकतेने पाहत होती. "हिला सांग," सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "कैरीच्या पन्ह्यात कुणी मध घातल्यासारखं लागतं." माझं फ्रेंच म्हणजे शाळेतली दोन वर्षं. मी हिरवा आंबा आणि मध एवढे शब्द कसेबसे जुळवले. मालकिणीने क्षणभर विचार केला, स्वतः एक घोट घेतला, आणि मग टेबलावर थाप मारून "वुई! वुई!" म्हणजे हो, हो करत सासूबाईंचे दोन्ही गाल चुंबले.

उतारावर मी त्यांना सायकल चालवू दिली नाही. हातात धरूनच खाली आलो. वाटेत त्यांना एक बदक दिसलं आणि त्या बदकाला हसल्या. मग कुंपणाला हसल्या. मग मला. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही गं, तू त्या हेल्मेटमध्ये दुधी भोपळ्यासारखी दिसतेस. इतके दिवस सांगावं की नाही कळत नव्हतं." नदीकाठच्या गवतावर आम्ही दोघी आडव्या पडलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो. तास-दीड तास तिथेच बसलो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोर लोआर एवढी रुंद आणि एवढी आळशी वाहत होती की तिला कुठे पोचायचंच नसावं.

चौथ्या दिवशी मात्र माझा जीव गेला होता.

रविवार होता. आम्ही नदीच्या बांधावरून पश्चिमेला निघालो होतो आणि समोरून जोरदार वारा. मागून घंट्या वाजल्या. एका सायकल क्लबचे दहा-अकरा म्हातारे, सगळ्यांच्या अंगात पिवळे-निळे घट्ट टीशर्ट, सगळे सत्तरीचे. "बोंझूर, बोंझूर," करत ते आमच्या शेजारून निघाले. मी जॅकेट काढायला मिनिटभर थांबले होते. मान वर केली तर सासूबाई नव्हत्या. दूरवर पिवळ्या-निळ्या घोळक्याच्या मधोमध एक गुलाबी ओढणी फडफडत होती.

"आई!" मी ओरडले. वाऱ्याने ती हाक माझ्याच तोंडात परत कोंबली.

मी जिवाच्या आकांताने पेडल मारलं. ते एकमेकांच्या आडोशाला राहून मजेत चालले होते आणि मी एकटी सगळा वारा छातीवर घेत होते. अंतर वाढत गेलं. मग वळण आलं, आणि ओढणीही दिसेना. सासूबाईंकडे फोन नव्हता. नकाशा माझ्याकडे. त्यांना फ्रेंच येत नव्हतं, हॉटेलचं नावही माहीत नव्हतं. नवऱ्याला काय सांगू? तुझी आई फ्रान्समध्ये हरवली? बारा किलोमीटर मी हेच वाक्य वेगवेगळ्या प्रकारे जुळवून पाहत होते. रडू येत होतं, आणि मध्येच त्या ओढणीची आठवण येऊन हसूही फुटत होतं.

दोन नद्यांच्या संगमावर एक छोटं गाव होतं. चौकातल्या कॅफेबाहेर अकरा सायकली भिंतीला टेकवलेल्या, आणि बारावी वेताच्या टोपलीची. सासूबाई लांब टेबलाच्या मधोमध बसल्या होत्या. म्हातारे आळीपाळीने आमची शेंगदाण्याची चटणी ब्रेडला लावून खात होते आणि एकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आई! तुम्ही मला न सांगता..."

"अगं, त्यांनी मला मध्येच घेतलं! मध्ये वाराच लागत नाही, माहितीये? नुसतं बसायचं, सायकल आपोआप पळते!" मग माझा चेहरा पाहून त्या थांबल्या. उठल्या, माझा घाम ओढणीने पुसला. "घाबरलीस?"

मी मान डोलावली.

"चुकलंच माझं. मागे वळून बघायला हवं होतं. पण खरं सांगू? त्या वेळी मला कुणाची आठवणच आली नाही. ना तुझी, ना त्याच्या हाताची, ना घराची. असं कधी झालंच नव्हतं गं."

मला रागवायचं होतं. तोवर एका आजोबांनी माझ्यापुढे भलं मोठं ऑम्लेट ठेवलं, आणि मला कडकडून भूक लागली होती.

क्लब सोम्यूरला चालला होता, आम्हीही. या वेळी त्यांनी दोघींनाही मध्ये घेतलं. सासूबाईंचं म्हणणं खरं होतं. वारा गायब, चाकांचा एकच गुणगुणता आवाज, डावीकडे उंच पांढरे कडे, उजवीकडे नदीतल्या वाळूच्या बेटांवर बगळे. दर काही मिनिटांनी पुढचा माणूस बाजूला होऊन मागे जायचा आणि दुसरा वारा अडवायला पुढे यायचा. शेवटच्या तीन किलोमीटरला आमच्या पुढच्या आजोबांनी कोपराने सासूबाईंना खूण केली: आता तुमची पाळी.

मी म्हटलं, "आई, नको, वारा फार आहे."

त्यांनी ओढणी कमरेला बांधली, खटका एकदा ओढला आणि पुढे गेल्या. मागून अकरा जण "आले, मादाम! आले!" असं ओरडत होते, म्हणजे त्यांच्या भाषेत चला, चला. "आले काय आले," सासूबाई पुढूनच ओरडल्या, "अजून पोचायचंय!" आणि मला इतकं हसू आलं की माझे पाय फिरेनात. मागच्या आजोबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला ढकलत सोम्यूरच्या पुलापर्यंत आणलं.