पाणी न घातलेले तीन ग्लास

मी आज जो काही आहे, तो योहान पगारे सरांमुळे. कुणी विचारलं, तर पहिल्यापासून मी एवढंच सांगत आलो. आई-वडिलांनी जन्म दिला, राबून वाढवलं, पण पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या वाडीवरचा एक मुलगा रसायनशास्त्राचा पदवीधर झाला तो भिंगारमधल्या या एका माणसामुळे. सरांना जाऊन काही आठवडे झाले. माणसं भेटतात, बोलतात, मी उत्तरंही देतो. पण आतून मी अजून त्या सकाळीच उभा आहे.

मी प्रयोगशाळेत होतो. फोनवर रूथमावशींचं नाव दिसलं. मावशी म्हणजे सरांच्या पत्नी. सरांना स्वतःचा फोन सापडत नसे, म्हणून ते नेहमी मावशींच्या फोनवरून बोलायचे. मी उचलून म्हणालो, "बोला सर." पलीकडून मावशी बोलत होत्या. "बाळासाहेब, घरात गॅसचा भडका झालाय. सरांना दवाखान्यात नेलंय. मी पारनेरला बहिणीकडे आलेय, आता निघालेय." मी विचारलं, किती भाजलंय? त्या म्हणाल्या, "मला कोण नीट सांगतंय? तू ये फक्त." मी निघालो. वाटेत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की हे शक्य नाही, काहीतरी ऐकण्यात चूक झाली आहे. सरांना वास यायला लागला होता... मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुपारी मी पोहोचलो तेव्हा सर गेलेले होते.

वासाचं नीट सांगायला हवं, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की वाडी रिकामी व्हायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी भरायची. मी नगरला कॉलेजात आलो, वसतिगृहात राहिलो. सुट्टीत वसतिगृह बंद झालं की मला जायला जागा नसे, कारण घराला कुलूप आणि माणसं कुठल्यातरी कारखान्याच्या फडात. आम्हाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांना हे कसं कळलं ठाऊक नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी मला प्रयोगशाळेच्या दारात थांबवलं आणि विचारलं, "नाव काय म्हणालास? बाळासाहेब? बरं. नावात साहेब आहे, आता कामात आण. आणि सुट्टीत भिंगारला ये, घरी दोघंच असतो आम्ही, मावशीला भांडायला तिसरा माणूस हवाय." मी गेलो आणि पदवी मिळेपर्यंत जातच राहिलो.

सर नाकाने शिकवायचे. बाटलीवर नाक न्यायचं नाही, तळहाताने वारा घालून वास आपल्याकडे बोलवायचा, हा त्यांचा पहिला धडा. एकदा त्यांनी बिनचिठ्ठीची एक बाटली माझ्यापुढे धरली. बाकीची मुलं पुस्तकातली नावं घेत होती. मी म्हणालो, "सर, बाजारात केळीच्या वखारीत शिरल्यावर येतो तसा वाटतोय." वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "याला म्हणतात उत्तर. रासायनिक नाव मी सांगतो, ते पाठ करता येतं. वखार पाठ करता येत नाही." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या वाडीत, फडात, बाजारात मी जे काही हुंगत मोठा झालो ते इथे चालतं. शिकलेल्या माणसांमध्ये बसायला माझ्याकडेही काहीतरी आहे.

पुढे त्याच नाकावर मला एका मद्य कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लई शिकून बी दारूच्याच दारात गेलास व्हय रे?" वडील म्हणाले, "गप की. आमी ऊस तोडला, त्यो त्याचं पानी मोजतोय. घरातलाच धंदा हाय." सर चर्चमधले जुने पंच, आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता. मला त्यांची भीती होती. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे तुला प्यायला ठेवलंय की ओळखायला?" मी म्हणालो, ओळखायला. "मग जा. आणि चूळ भरून टाकत जा."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सर आजारी पडले, बरे झाले, पण वास गेला तो गेलाच. पहिले काही महिने आम्ही थट्टा केली. नंतर थट्टा संपली. त्यांना जेवणात रस राहिला नाही. भाजी तळाला लागून करपली तरी कळेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सकाळचा चहा. लग्न झाल्यापासून त्या घरात सकाळचा चहा सर करायचे, आलं ठेचून, मावशींना अंथरुणात नेऊन द्यायचे. एकदा शेगडीवरचं दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुरूच राहिला आणि सर तिथेच उभे राहून पेपर वाचत होते. मावशी आंघोळीहून आल्या म्हणून वाचले. त्या दिवसापासून मावशींनी सरांना शेगडीला हात लावायला बंदी घातली. रात्री रेग्युलेटर बंद, सकाळी त्या उठेपर्यंत स्वयंपाकघर बंद. सरांनी ऐकलं. पण मला म्हणाले, "बाळासाहेब, माणूस निवृत्त झाला तरी चहा करत असतो रे. मला आता घरातूनच निवृत्त केलंय."

गेल्या वर्षी कंपनीने मला प्रशिक्षणासाठी स्कॉटलंडला पाठवलं. विमानात बसणारा मी आमच्या वाडीतला पहिला. येताना मी एकाच डिस्टिलरीच्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या तीन लहान बाटल्या आणल्या. तीन वर्षांची, पाच वर्षांची आणि आठ वर्षांची. जव तेच, पाणी तेच, भट्टी तीच, पिंपाचं लाकूडही एकाच जातीचं. फरक फक्त वर्षांचा. अशा कोवळ्या व्हिस्क्या शेजारी ठेवून हुंगल्या की दारू लाकडात कशी मोठी होते ते कळतं. डॉक्टरांनी सरांना सांगितलं होतं, ओळखीचे वास रोज घेत राहा, कधी कधी नाक पुन्हा शिकतं. लवंग, निलगिरी, लिंबू असं त्यांचं चालूच होतं. मला वाटलं, यात सरांचं मनही रमेल. ही तर प्रयोगशाळाच होती.

मग रविवार सुरू झाले. सर-मावशी चर्चहून आले की मी बाहेरच्या खोलीत टेबलावर तीन ग्लास मांडायचो. मावशी पदर खोचत म्हणायच्या, "देवाघरून यायचं आणि घरात गुत्ता मांडायचा! पाळक साहेब आले तर मी सांगणार, हा पाथर्डीचा पाहुणा घेऊन आला." सर म्हणायचे, "अगं, हुंगू नये अशी आज्ञा कुठे आहे? दाखव." "तुमच्यासाठी नवीन लिहावी लागेल," असं म्हणून मावशी आत जायच्या आणि दारातून बघत उभ्या राहायच्या.

आमच्या प्रयोगशाळेत नमुने तुलनेला ठेवताना आधी पाणी घालून सगळे एकाच सौम्य तीव्रतेवर आणतात. एक कडक आणि एक सौम्य असेल तर माणूस वासाऐवजी कडकपणाच ओळखतो. सरांकडेही मी मापाने पाणी घालायचो. आधी मी हुंगायचो, थेंबभर जिभेवर घोळवून थुंकायचो आणि मोठ्याने सांगायचो. तीन वर्षांच्या व्हिस्कीत कच्ची नासपती, मोड आलेलं धान्य, जिभेवर थोडी कडवट हिरवी चव. पाचच्या व्हिस्कीत पिकलं केळं, पातळ मध, लाकूड नुसतं दारात आलेलं. आठच्या व्हिस्कीत मात्र काकवी, भाजलेले शेंगदाणे, आणि गिळली नाही तरी मागे राहणारा गोडवा. सर डोळे मिटून ऐकायचे. "अजून सांग. काकवी कसली? पहिल्या उकळीची की कढई खरवडल्यावरची?" मी सांगायचो. मग ते स्वतः ग्लास घ्यायचे, तळहाताने वारा घालायचे, थांबायचे... "पाणी आहे, बाळासाहेब. तिन्हीत पाणी आहे." दर रविवारी हेच. हळूहळू त्यांनी प्रश्न विचारणं कमी केलं.

मग तो रविवार. सर म्हणाले, "आज पाणी घालू नकोस. बाटलीत आहे तशी दे. एकदा होऊ दे." मी ओतली. त्यांनी पहिला ग्लास नाकाशी नेला आणि झटक्यात मान मागे घेतली. "आलं!" मावशी दारातून पुढे आल्या. "काय आलं?" "आलं गं काहीतरी!" त्यांनी पुन्हा हुंगलं. दुसरा. तिसरा. डोळ्यांत पाणी होतं. मावशी म्हणाल्या, "थांबा, मी बघते, नुसतं मनाचं नको," आणि त्यांनी सरांना पाठ करून बसवलं, ग्लासांची अदलाबदल केली. सर वळले, एकेक हुंगून म्हणाले, "ही तीनची. ही आठची. ही मधली, पाच." बरोबर होतं. मावशींनी पुन्हा बदलले. पुन्हा बरोबर. "आठच्या व्हिस्कीत काकवी आहे रे, तू म्हणतोस तशी," सर म्हणाले. मावशींनी हातातलं फडकं त्यांच्या खांद्यावर टाकलं. "घ्या. तुमचं स्वयंपाकघर तुम्हाला परत. उद्यापासून चहा तुमच्याकडे. मी उठायची नाही, सांगून ठेवते." आम्ही तिघं इतके हसलो, की शेजारच्या बाई विचारायला आल्या.

त्यानंतर काही दिवस सर रोज चहा करत होते. ज्या सकाळी मावशी पारनेरला होत्या, त्या सकाळी शेगडीची नळी गळत होती. शेजारच्या बाई सांगत होत्या, "जिन्यात वास येत होता हो. मी सांगायला निघालेच होते, पायात चप्पल घालत होते..." जिन्यात वास येत होता. सरांनी आत उभं राहून काडी ओढली.

दफन झालं, माणसं पांगली, तेव्हा मावशींनी मला त्याच बाहेरच्या खोलीत बसवलं. त्या रडत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "तिन्ही बरोबर ओळखल्या होत्या ना रे त्यांनी? मीच फिरवले होते ग्लास. मग गॅस कसा कळला नाही?"

बाटल्या समोरच्या फडताळात होत्या. मी उठून एकेक हातात घेतली आणि चिठ्ठीवरची तीव्रता वाचली. तीन वर्षांची व्हिस्की पिंपातून जशी निघाली तशीच भरलेली होती, सगळ्यात कडक. पाचची तिच्याहून कमी. आठची डिस्टिलरीनेच पाणी घालून सौम्य केलेली. मला तिथेच कळलं. वास गेलेल्या माणसालाही दारूचा झोंबरेपणा कळतो, नाकातलं झोंबणं कळवणारी शीर वासाच्या शिरेहून वेगळी. सरांनी वर्षं ओळखली नव्हती. जास्त झोंबते ती तीन, कमी झोंबते ती आठ, एवढंच त्यांच्या नाकाला कळलं होतं. केळं, काकवी ही नावं तर मीच त्यांच्या कानात इतके रविवार घातली होती. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला शिकवणारे सर, आणि रोज नमुन्यात मापून पाणी घालणारा मी... दोघांनाही हे सुचलं नाही. दोघांनाही ते सुचायला नकोच होतं.

मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे कांदा डोळ्याला झोंबतो, तसं?" मी हो म्हणालो. "वास नव्हताच?" मी नाही म्हणालो. "तुला कधी कळलं?" "आत्ता, मावशी. या बाटल्या हातात घेतल्यावर." त्या म्हणाल्या, "फडकं मी टाकलं रे त्यांच्या खांद्यावर."

निघताना त्यांनी मला एक पाकीट दिलं. त्या रविवारनंतर मी सरांना पाठवलेलं पत्र. ते त्यांना मिळालं होतं, आणि चहा पिताना त्यांनी ते मावशींना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सरांचे उपकार मी आयुष्यात एकदाच कागदावर लिहिले, ते या पत्रात. म्हणून ते जसंच्या तसं इथे देतो.

"आदरणीय सर, सा. न.

रविवारपासून माझा पाय जमिनीवर नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं, आईलाही फोन केला. ती म्हणाली, 'तुझ्या दारूनं येकाचं तरी भलं केलं म्हनायचं.' सर, वास कसा घ्यायचा ते तुम्ही मला शिकवलं, त्यावर माझं घर उभं आहे. तुमचा वास तुम्हाला परत मिळताना मी समोर होतो, यापेक्षा मोठं काही माझ्या हातून होईल असं वाटत नाही. आता कसलीही भीती मनात ठेवू नका. मावशींना झोपू द्या, स्वयंपाकघर पहिल्यासारखं तुमचं. येत्या रविवारी मी लवकर निघतो आणि तुमच्या हातच्या चहाला पोहोचतो. आलं जरा जास्त घाला.

तुमचा विद्यार्थी,
बाळासाहेब"