एकादशीच्या पानातले पाहुणे

बाजारात भाजी हातात घेतली की यमूआत्या भाव नंतर विचारायची, आधी त्या भाजीचं मूळ गाव सांगायची. तिचे वडील आगबोटीवर खलाशी होते. कुठलं फळ कुठल्या मुलखातून आलं, हे त्यांनी तिला लहानपणी गोष्टींसारखं ऐकवलं होतं. अननस दिसला की तिचे डोळे चमकत. "आपलं चौल बंदर म्हंजे जगाची ओसरी," ती म्हणे, "आला तो टेकला, टेकला तो घरचा झाला." ती आमची सख्खी आत्या नव्हे, शेजारच्या वाडीतली, पण साऱ्या आळीची आत्या होती आणि तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

साठ सालानंतरची गोष्ट. तांदूळ दिसेनासा झाला आणि रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. भातावर वाढलेली आमची माणसं ती कोंबड्यांपुढे टाकू लागली. त्यातच देवीचा भंडारा आला. कोळीवाड्यापासून कातकरीवाडीपर्यंत सगळे त्या दिवशी पोटभर जेवत, आणि त्या टंचाईत तर लोक त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. आत्या म्हणाली, मिलोच्या भाकऱ्या थापू. देवळाचे मुख्य पंच अण्णा, ते उखडलेच. परदेशी धान्य देवीला चालायचं नाही; तांदूळ नाही तर भंडाराही नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

आत्या भांडली नाही, याचंच आम्हांला नवल. एकादशीला तिनं अण्णांना फराळाला बोलावलं. बटाट्याची भाजी, उकडलेली रताळी, दाण्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा झणझणीत ठेचा. अण्णांनी आमटी दोनदा मागून घेतली. हात धुवायला उठले तशी आत्या म्हणाली, "अण्णा, बटाटा, रताळं, दाणं, मिरची, यातलं येक बी आपल्या मुलखाचं न्हाय. समदं फिरंग्यांच्या गलबतातनं उतारलं. देवाला उपासाला चाललं, मंग ज्वारीनंच काय पाप केलंय?"

अण्णा हात धुवायचे विसरून पोट धरून हसत सुटले.

भंडारा झाला! काय पंगती उठल्या त्या दिवशी! साऱ्या आळीच्या बायका मिलोच्या भाकऱ्या थापत होत्या आणि माणसं हटत नव्हती. शेवटच्या पंगतीत आत्या बसली. पहिल्याच घासाला तिचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं. कशी लागते, म्हणून विचारलं.

"भुशागत," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी मागून घेतली. "आपल्यातल्या ज्या बाईनं रताळं पयल्यांदा खाल्लं, तिनं बी असंच तोंड वाकडं केलं असंल. ती नेटानं जेवली, म्हून आपुन चवीनं जेवतो."