'याउ-सम' म्हणजे काय

दूरच्या हुनान प्रांतातून लग्न होऊन फंग-यिंग क्वाय-चुंग शहरात आली, तेव्हा तिला इथली कँटोनीज बोली अजिबात येत नव्हती. सोळाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती, नवरा काम-तोंग आणि सासू. पहिल्याच आठवड्यात सासूला खोकला झाला. फंग-यिंगने शब्दाला शब्द जोडत विचारलं, "आई, आता बरं वाटतंय का?"

"याउ-सम," सासू म्हणाली.

तिने नवऱ्याला अर्थ विचारला. "काळीज आहे. म्हणजे तुला," तो बूट घालता घालता म्हणाला. त्या दिवशी तिने हौसेने खडीसाखर घालून सासूसाठी नासपती शिजवली.

दोनेक वर्षांनी ती मंडईत क्वोकबाईंच्या भाजीच्या गाळ्यावर कामाला लागली. एक गिऱ्हाईक रोज घासाघीस करायचं; क्वोकबाईंना ती बाई डोळ्यांसमोर नको असायची. एकदा तिने विचारलं, "गुडघा कसाय?" क्वोकबाई गोड हसून म्हणाल्या, "याउ-सम."

ती गेल्यावर फंग-यिंग म्हणाली, "हिला कुठलं आलंय काळीज?"

"अगं वेडे, परक्याने विचारपूस केली की तसं म्हणायचं असतं. विचारलंत, आभारी आहे, एवढंच. माझी लेक विचारते तेव्हा मी म्हणते, मेला ठणकतोय, बघत काय बसलीस, तेल चोळ."

फंग-यिंग खाली मान घालून जुड्या बांधत राहिली.

पुढे सासूचं एक अंग लुळं पडलं. सात वर्षं फंग-यिंगने तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. कॅनडाहून नणंद आली की सासू तिच्यावर खेकसायची. उशी नीट लाव, पेज गार झालीय, इतके दिवस कुठे मेली होतीस. मग तिचाच हात धरून रडायची. फंग-यिंग दारात उभी राहून ऐकायची.

नणंद परत गेल्यावर एकदा तिने मुद्दाम गार पेज भरवली. सासूने मुकाट्याने संपवली.

"आई, गार होती ना? गरम करून आणू का?"

वाकड्या झालेल्या तोंडातून कसेबसे शब्द आले, "याउ-सम."

त्याच हिवाळ्यात सासू गेली. सामान आवरताना काम-तोंग म्हणाला, "आईला तुझं फार कौतुक होतं."

"तसं कधी बोलल्या का?"

तो औषधांची पिशवी कचऱ्यात टाकायला खाली गेला.

दुसऱ्या दिवशी ती गाळ्यावर आलेली पाहून क्वोकबाई म्हणाल्या, "आज कशाला आलीस? घरी जा."

"घरी काय करू?" फंग-यिंग म्हणाली आणि भाजीवर पाणी शिंपडू लागली.