वेठ सोडून निघालेल्या बाया

त्या वर्षी मी देवीला हात जोडणं सोडलं होतं. माय खाटेला खिळलेली, अन्न तोंडात घेईना. तिचा जीव कोठ्यात अडकलाय, असं वस्तीतली म्हातारी माणसं म्हणत. कोठा म्हणजे मालकाचा कडब्याचा कोठा. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या त्या एका मालकाच्या घराची वेठ केलेली; त्यांच्या गोठ्यातली ढोरं तशी आमची माणसं. माय लहान असताना वस्तीनं एकदा वेठ नाकारली. मालकाच्या माणसांनी हाती लागतील तेवढ्यांना कोठ्यात कोंडून आग लावली. माय भिंतीतल्या भगदाडातून कशीबशी निघाली. तिची आई आणि मोठी बहीण आतच राहिल्या. राखेत वितळलेली काच सापडली, तेव्हापासून आमच्या बायकांनी बांगड्या भरल्या नाहीत. मेलेल्यांची नावंही कुणी घेत नसे.

पुढे स्वराज्य आलं, महाराष्ट्र झाला, वेठ गेली. तरी मालकाच्या घरचं कुणी वाटेत दिसलं की आमची थोरली माणसं चपला हातात घेत. माय तर नुसतं दार लोटलं तरी किंचाळे. देवी तेव्हा कुठे होती, हा एकच प्रश्न मला छळायचा. तिचं ठाणं कोठ्यापासून हाकेच्या अंतरावर, पळसाखाली. विचारणार कुणाला?

वैशाखातल्या एका दुपारी, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेतलेली म्हातारी मणियारीण दारात उभी राहिली. मी म्हटलं, "बाई, इथं कोनी बांगड्या भरत नाही."

ती उंबऱ्याशी टेकली. "मले ठाऊक हाय, माय. शेवटच्या मीच भरल्या होत्या."

तेव्हा ती नवी नवरी होती, सासूबरोबर आली होती. खाली बघत ती सांगत राहिली, "मी इथल्या बायाइले इचारलं, काऊन हासता वं एवढ्या? तं म्हनल्या, उद्या आमी वेठ सोडून डोंगरापल्याड चाललो. हिरव्या भर, लग्नाले चालल्यावानी. दुसऱ्या दिशी आग आयकली. तवापासून या वाटंनं पाय टाकला नाही. आज जामोदच्या बाजाराले निघाली होती, पाय इकडंच वळले. काऊन, ते अल्लाले ठाऊक."

मग तिनं नावं घेतली. सोनी, काशी, झुमकी. "झुमकीचा हात नाजूक, पन हासता हासता हलवे. दोन बांगड्या फोडल्या तिनं."

खाटेवरून आवाज आला, "झुमकी माही बहीण."

ते नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. शेजारच्या बाया जमल्या. "अन् माही आजी?" एकेक जण विचारू लागली. आठवलं ते म्हातारीनं सांगितलं. जिथं आठवेना तिथं "नाही आठवत, बाई" म्हणून विचारणारीचा हात धरला. आम्हाला फक्त आग ठाऊक होती. आदल्या दिवशी त्या हसत होत्या, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दुपारी आमची वस्ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. पुरुषसुद्धा मातीत बसून रडले.

मायनं हात पुढे केला. "भर," म्हणाली. तिची सुकलेली मनगटं हिरवी झाली. संध्याकाळी तिनं चार घास पेज खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कोठ्याच्या पडक्या भिंतीपाशी गेलो आणि ठाऊक होती तेवढी नावं मोठ्यानं घेतली. म्हातारीनं दुवा मागितली, आम्ही हात जोडले. मालकाच्या घरचं कुणी आलं नाही. न्याय तेव्हाही झाला नव्हता, पुढेही झाला नाही. माय थंडीत गेली. शेवटपर्यंत दार तिला उघडंच लागे. पण झुमकीच्या गोष्टी मात्र ती नातवंडांना सांगून गेली.

म्हातारीचे पाय त्या दिवशी कुणी वळवले, याचा मी शोध घेत नाही. माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तरी मी पुन्हा देवीपुढे बसू लागले. एकट्यानं न पेलणारं दुःख चौघांत खाली ठेवावं आणि मग हात मोकळे करून तिच्यासमोर बसावं, यालाच मी शरण जाणं समजते. ते मला शिकवणाऱ्या त्या मणियारीण माउलीचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते न फिटता तसेच असोत.