निजामाचं तिकीट आणि खुलताबादचा शिक्का

शैला माझी शेजारीण. तिच्यासारखी राग जपणारी बाई अख्ख्या संभाजीनगरात सापडायची नाही आणि मला ती त्याचमुळे आवडते. लोणचं मुरतं तसा तिचा राग मुरतो.

तिला नाद निजामाच्या तिकिटांचा. आपल्या भागात निजामाचं राज्य होतं, तेव्हा त्याचं स्वतःचं टपाल होतं. जुन्या तिकिटांवर चार लिप्या असायच्या, त्यात आपली मराठीही. पुढं चारमिनार आला, अजिंठ्याच्या लेण्यांचं दार आलं. शैलाच्या वडिलांनी खुलताबाद-फुलंब्रीच्या घराघरांतून ही तिकिटं मागून जमवली. लग्नात दागिने बेताचेच घातले, पण अल्बम लेकीला दिला.

ती बाळंत व्हायला टेकली असताना धाकट्या दिरानं, श्रीरंगनं, तो अल्बम प्रदर्शनाला नेला. पदक मिळालं, तेही त्याच्या नावावर. अल्बम परत आलाच नाही. सासरे म्हणाले, "एका घरात तुझं-माझं कसलं?" शैला गप्प बसली. गप्प बसणाऱ्या बाईला लोक गरीब गाय समजतात. मूर्ख मेले!

अल्बमात न लावलेलं एक पाकीट मात्र तिच्याकडेच राहिलं. त्यावर निजामाचं तिकीट आणि खुलताबादचा शिक्का, अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर. नवशिके असलं तिकीट पाण्यात भिजवून सोडवतात आणि पाकीट फेकून देतात. जाणकार कपाळाला हात लावतात, कारण सगळं मोल त्या जोडीला असतं.

गेल्या महिन्यात श्रीरंग पेढे घेऊन आला. मी तिथंच चहा पीत होते. दिल्लीच्या प्रदर्शनातलं मोठं पदक त्या एका पाकिटापायी अडलं होतं म्हणे.

"वहिनी, तेवढं द्याच."

"देते. पण पाटीवर माझं नाव लावा. संग्रह माझा आहे."

तो हसला. "आता या वयात नाव कशाला हवंय तुम्हाला?"

शैला उठली. पाकीट आणलं, मागोमाग कोमट पाण्याची परात आणली आणि पाकीट अलगद पाण्यात सोडलं.

"अहो वहिनी!" तो झेपावला. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"हात नका घालू, भाऊजी. ओला कागद फाटतो."

जुना डिंक सुटायला वेळ लागला. तोवर तिनं मनगट सोडलं नाही. शेवटी अर्धा शिक्का घेऊन तिकीट वर आलं आणि तरंगायला लागलं. श्रीरंगचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर बाई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

तो पाय आपटत गेल्यावर मी विचारलं, "वडिलांच्या हातची शेवटची वस्तू होती गं. वाईट नाही वाटलं?"

"लई वाटलं," शैला म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र जराही हलला नव्हता. "पण आता तो अल्बम भाऊजींच्या घरात जन्मभर अपुराच राहील."