नाव न सांगायचं औषध

माझी सासू काविळीचं औषध द्यायची. लातूरकडच्या मुरुडजवळ, आमच्या खेड्यात तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. रविवारी, उपाशीपोटी, शेळीच्या दुधातून ती पाला वाटून द्यायची. पाला कोणता, हे मात्र कुणालाच सांगायची नाही. सांगितलं की गुण जातो, असा नियम. आधी ती देवीचं नाव घेऊन वाटायची. आम्ही बौद्ध झालो, देव नदीत सोडले, तेव्हापासून त्रिसरण म्हणत वाटू लागली. बाकी नियम तसेच राहिले.

दुष्काळात विहिरीच्या तळाचा गाळ आम्ही फडक्यानं गाळून प्यायचो. खडी फोडायच्या कामावर माझ्या नवऱ्याला कावीळ झाली. तो आठ दिवसांत अंथरुणाला खिळला. सासू दोन दिवस रानात फिरली. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला दूध पाजलं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधला. माझं लक्ष पाट्याकडं गेलं. तो कोरडा ठणठणीत होता.

"आत्या, दुधात काय घातलं?"

"परित्राणाचं पाणी. भंतेजींनी पाठ म्हटला तवाचं."

"आन् पाला?"

"पाणी बस हाय."

"पाण्यानं कावीळ उतरती व्हय?"

"तुझ्या जिभेनं तर न्हाईच उतरत."

भंतेजी तेव्हा आमच्या विहारात राहत. मी सरळ त्यांना घरी घेऊन आले. पूर्वी ते सालगडी होते, त्यामुळं गोड बोलणं त्यांना येत नसे. नवऱ्याचे डोळे पाहून ते म्हणाले, "पाणी आन् दोरा ह्याच्या भीतीसाठी हाय. आजार अंगात हाय. गाडी जुंपा." मग सासूकडं वळले. "माई, पाला कोणता?"

"सांगितलं की गुण जातो."

"पाल्याचा जातो का तुमचा?"

दारात शेजारी जमले होते. सासू त्यांच्यादेखतच म्हणाली, "भुईआवळी. औंदा उगवलीच न्हाई."

नवऱ्याला मुरुडच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला. डॉक्टरनं वाचवला, की काविळीचा जोरच उतरला होता, मला सांगता येणार नाही. पाण्यानं वाचला नाही, एवढं नक्की.

पुढं पाऊस झाला. भुईआवळी सगळ्यांच्या परसात उगवली, आणि सासूकडं रविवारी कुणी येईना. पायाखालच्या गवताला कोण मानतं? लातूर जिल्हा झाल्यावर लोक मोठ्या दवाखान्यात जाऊ लागले. तरी मरेपर्यंत ती रविवारी पाटा धुवून ठेवायची. मी त्यावरून तिला कधी बोलले नाही. पोरगा वाचावा म्हणून तिनं सगळ्यांसमोर हात रिकामे करून दाखवले होते.

परवा नांदेडहून नातीनं माझ्यासाठी औषधाचा डबा आणला. वर ध्यानस्थ बुद्धाचं चित्र, खाली 'गुप्त प्राचीन उपचार'. मी चौथी शिकलेय, सगळा डबा फिरवून वाचला. पाल्याचं नाव कुठंच नव्हतं.

"परत दे," म्हटलं.